चोपन्न दिवसांची उधारी

अमेरिकेत खर्चाच्या मंजुरीवरून घोडं अडलं की सरकारी कचेऱ्या बंद पडतात. 2018-19 साली त्या 35 दिवस बंद होत्या, 2025 मध्ये 43. आपल्याकडे लेखानुदानाची सोय आहे, त्यामुळे तशी पाळी येत नाही. पण सरकार जागेवर आणि कचेरीत मात्र कुणी नाही, हे आमच्या नगरच्या घरानं त्याहून जास्त दिवस सोसलं.

डिसेंबर 1977 मधल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपाची गोष्ट. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, संपकऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक, मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. आजोबा कचेरीत कारकून. संप 54 दिवस चालला. आजोबांच्या सांगण्यात मोर्चे असायचे, भाषणं असायची, कोण गुपचूप कामावर गेलं त्याची नावंही असायची. आजी ते सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "आता डब्यांचं सांगते."

डबे म्हणजे डाळीचे, तेलाचे. पगार थांबला तशी ती दाळमंडईतल्या दुकानदाराकडे गेली, जरा ओशाळूनच. तो म्हणाला, "न्या हो वहिनी. सरकार काय पळून जातंय?" आजोबा दिवसभर ज्या सरकारच्या नावानं घोषणा देत, त्याचीच पत रात्रीचं वरण शिजवत होती. हे आजोबांना कधी फारसं आवडलं नाही.

संप चालू असतानाच, जानेवारीत, पारनेरकडून त्यांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, आले. 1972 च्या दुष्काळानं पोळलेल्या माणसाला विहिरीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. भूविकास बँकेचं कर्ज हवं होतं, त्याला सातबाऱ्याचा उतारा हवा होता, आणि तलाठी संपावर. आजोबांनी बसायला सांगून महागाई भत्त्याचा हिशेब मांडला. तात्यांनी तो निमूट ऐकला. "तुझं बराबर हाय," ते म्हणाले, "पण तुला दुकानदार उधार देतो. मला उतारा कोन उधार देनार?" आजोबांना उत्तर सुचलं नाही, असं आजी सांगायची. आजोबा म्हणायचे, उत्तर होतं, पण मोठ्या भावासमोर बोललो नाही.

मला वाटतं, तात्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. राज्यातली पहिली एसटी 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला गेली, त्याचा आमच्या शहराला केवढा अभिमान! 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर तीच एसटी थांबली आणि महिनोन्‌महिने थांबून राहिली. कामगार काय मागत होते? महामंडळाचं सरकारात विलीनीकरण. पगार लांबलेल्या माणसाला दाळमंडईतली ती पत हवी होती, असंच मी त्याचं भाषांतर करतो. आणि ज्या पोरी एसटीच्या पासावर कॉलेजला जायच्या, त्यातल्या कित्येक वडापच्या जीपचं भाडं परवडेना म्हणून घरी बसल्या.

मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा आठवडाभर संप झाला. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीत लागलेल्यांना तेव्हा ती नव्हती. माझी बहीण त्यातलीच, शिक्षिका. ती मोर्चात होती. म्हातारपणी हातात किती पडणार हे तेव्हा कुणी सांगत नव्हतं, हा तिचा राग मला पटला. त्याच आठवड्यात अवकाळी पावसानं तात्यांच्या नातवाचा काढणीला आलेला गहू झोपवला. पंचनाम्याला यायचे ते तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक सगळे संपावर. तसाच ठेवला तर दाणा काळा पडणार, उचलला तर नुकसान दाखवायचं कशाचं? त्यानं मोबाइलवर फोटो काढले, बहिणीला पाठवले आणि खाली लिहिलं, "ताई, संप मिटला की सांग."

ती चिडली. दोघं फोनवर बराच वेळ भांडले. मग तिनंच त्याला सांगितलं की फोटोत गट नंबरची पाटी आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धर, आणि अर्ज लिहून ठेव, कचेरी उघडेल त्या दिवशी पहिला तुझा जाऊ दे.