नादारीचा अर्ज आणि अपघाताची भरपाई

मुळशी तालुक्यातील कासार आंबोली, पिरंगुट, उरवडे या पट्ट्यात शेतीच्या जोडीला कारखानदारी वाढली आहे. यंत्रावर हात गमावलेल्या कामगाराचा पगार थांबतो; कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अशा वेळी कायद्याने ठेवलेला शेवटचा मार्ग म्हणजे नादारीचा अर्ज.

दिवाळखोरी संहिता, २०१६ मधील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. इतरांसाठी मुंबईत १९०९ चा, तर पुणे जिल्ह्यात १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आधार आहे. त्यानुसार कासार आंबोलीच्या रहिवाशाला पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. अर्जात सर्व देणी, धनको व मालमत्ता यांचा तपशील द्यावा लागतो.

नादार घोषित होताच मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. मात्र कायद्याने जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ता कलम २८ अन्वये यातून वगळली जाते. कामावरील अपघाताच्या भरपाईला १९२३ च्या, तर राज्य विमा योजनेच्या अपंगत्व लाभाला १९४८ च्या कायद्याने असे संरक्षण दिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार सरकारी निवृत्तिवेतन, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याचे राहते घर, तसेच पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सर्वसाधारणपणे जप्त होत नाही.

रस्ता अपघाताच्या भरपाईचा मात्र या कलमाच्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. तेथे केवळ नुकसानभरपाईचा दावा करण्याचा हक्क वगळला आहे. म्हणून भरपाईची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून आदेशाची प्रत जपणे श्रेयस्कर.

नादारीने सर्वच प्रश्न सुटत नाहीत. गहाण मालमत्तेवरील बँकेचा हक्क अबाधित राहतो. नादारीचा अर्ज दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत नातलगांच्या नावे बक्षीस केलेली मालमत्ता परत घेतली जाऊ शकते आणि लपवाछपवी केल्यास कारावासाची तरतूद आहे. न्यायालयाने मुक्तता दिल्यानंतरही सरकारी देणी व पोटगी चुकत नाही.

अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.