कुंभारजुवे कालवा : न खणलेली जहाजवाट

डिचोलीच्या खाणींतलं खनिज बार्जींत भरायचं ते सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवर. तिथून मांडवीने पणजी, आग्वादचं तोंड आणि वळसा घालून मुरगाव बंदर, हा सरळ मार्ग. पण जूनमध्ये पावसाळी वारा सुटला की मांडवीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटू लागतात. भरलेली बार्ज तिथून काढणं म्हणजे जिवाशी खेळ. मग उरतो आतला रस्ता : कुंभारजुवे कालवा. मांडवीतून शिरायचं, गवंडाळी, बाणस्तारी करत झुआरीत उतरायचं. तिथून पुढे मुरगावच्या भूशिराचा आडोसा मिळतो. (पेडण्याला ही सोय नाही. शापोरा आणि तेरेखोल आपापल्या वाटेने समुद्राला मिळतात.)

हा कालवा पोर्तुगिजांनी खणला, असं आजही कुणीतरी ठासून सांगतं. नकाशा उघडा आणि वळणं बघा! फावडं हातात असलेला माणूस एवढी वळणं घेईल कशाला? ही मुळातली खाडीच. भरतीचं पाणी तिच्यात दोन्ही टोकांनी शिरतं. कागदोपत्री पुरावाही आहे. १५१२मध्ये अल्बुकर्कने बाणस्तारीचा आदिलशाही किल्ला घेतला, तेव्हा त्याची जहाजं याच पाण्यातून किल्ल्यासमोर आली होती. पोर्तुगीज येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे अडीचशे वर्षं हे पाणी म्हणजे तिसवाडीचा खंदकच होता. नोव्हेंबर १६८३मध्ये संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेट घेतलं आणि पलीकडे राजधानीची झोप उडाली, ती यामुळेच.

खंदकाची जहाजवाट झाली ती खनिजामुळे, पन्नासच्या दशकानंतर. तिची किंमत मात्र काठच्या खाजन शेतीने मोजली. खाजनाचे बांध माती, पेंढा आणि चिऱ्यांचे. भरतीच्या संथ पाण्यापुढे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पण अरुंद पात्रातून जड बार्ज गेली की पाणी आधी काठावरून ओढलं जातं आणि मग लाट होऊन बांधावर आदळतं. हे दिवसभर चाललं तर पायथा पोखरतो. एकदा खिंडार पडलं की खारं पाणी शेतात, आणि मग त्या वर्षीचं भात गेलंच म्हणायचं.

२०१२मध्ये खाणी थांबल्या तशी ही वर्दळही थांबली. २०१६च्या कायद्याने हाच सुमारे १७ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ ठरला. वाहतूक पुन्हा वाढवायची तर गाळ किती उपसायचा याच्या आधी बार्जींचा वेग किती ठेवायचा आणि बांध कोणी दुरुस्त करायचे, हे लिहून घ्यायला हवं.