एमपीथ्रीचे कान कुणाचे?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एकच प्रश्न घेऊ. एमपीथ्री गाण्यातून जे काढून टाकतं, ते 'ऐकू येत नाही' हे ठरवलं कुणी आणि कसं?

आधी हिशोब बघा. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा, आणि चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. चार मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबी भरतं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच गाणं चार एमबीच्या आत बसतं. यातली थोडी बचत काहीही न गमावता होते, बाकीची मात्र आवाजाचा तपशील कमी करून.

तपशील कमी केला तरी चालतं, कारण मास्किंग. ढोल वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही ना? तसंच मोठा स्वर जवळच्या कंप्रतेच्या बारीक स्वराला झाकून टाकतो. म्युनिकमध्ये एबरहार्ड झ्विकर यांनी याची बारकाईने मोजमापं केली होती. पुढे एर्लांगेन विद्यापीठात कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी संगीत लहान करण्याच्या पद्धतीवर १९८९ मध्ये पीएचडी पूर्ण केली. एमपीथ्रीची मुळं त्या प्रबंधात आहेत.

आता खरी गंमत. बऱ्याच संगीतावर पद्धत छान चालत होती. मग त्यांनी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' लावलं. त्यात वाद्यं नाहीत, फक्त आवाज. तो पार खरखरीत झाला! दोष झाकायला सोबत दुसरं काहीच नव्हतं. ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकून पद्धत सुधारली गेली.

दुसरा त्रास कॅस्टानेट्सचा. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करून काम करतं. तुकड्याच्या मध्ये अचानक 'टक्' झालं, तर त्यातली चूक पूर्ण तुकड्यावर पसरते आणि टक् होण्याआधीच फुस्स ऐकू येतं. याला प्री-एको म्हणतात. उपाय म्हणून अशा जागी तुकडे लहान केले जातात.

म्हणजे 'ऐकू येत नाही' हा निष्कर्ष ठरावीक नमुने ठरावीक लोकांना ऐकवून आला. स्वीडिश रेडिओने १९९० मध्ये स्टॉकहोमला अशाच श्रवणचाचण्या घेतल्या होत्या. म्हणून कुठलंही मानक वाचताना विचारा: चाचणीला काय लावलं होतं? ऐकणारे कोण होते? सोप्या उदाहरणांवर पद्धत यशस्वी झाली, तर तिची मर्यादा कळतच नाही. मर्यादा दाखवणारं उदाहरण स्वतःहून शोधावं लागतं.

हे तुमच्या कामालाही लागू आहे. ओव्या, पोवाडे किंवा मुलाखती रेकॉर्ड करणार असाल, तर मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. झांजेचा आणि हलगीचा आघातही कॅस्टानेट्ससारखाच अचानक असतो. एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केली की फाइल मोठी होते, गेलेला तपशील परत येत नाही. आज ऐकताना फरक जाणवणार नाही कदाचित. पण उद्या कुणी त्याच रेकॉर्डिंगमधून स्वर मोजायला बसलं, तर त्याचं यंत्र माणसाच्या कानाने ऐकणार नाही. तो प्रश्न आज तुमच्या मनातही नसेल, पण त्याचं उत्तर तुमच्या मूळ प्रतीतच असेल.