दोन कोटींचा चढाईपटू आणि त्याला जिवंत करणारे

आजचा भाग कबड्डीवर आहे, पण खरं सांगायचं तर तो पैशांवर आहे. प्रश्न अगदी साधा आहे. संघ हरतोय, हातात थोडे पैसे आहेत आणि बाजारात एक मोठा चढाईपटू, म्हणजे आपण सगळे ज्याला रेडर म्हणतो तो, उपलब्ध आहे. त्याला घ्यायचं की नाही?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या मालकांनाच पडतो असं समजू नका. आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक रंगतं, धानाची कापणी उरकली की कबड्डीचे सामने लागतात. गावचं मंडळ वर्गणी काढतं आणि त्यातले पैसे बाहेरून एखादा नावाजलेला रेडर आणण्यावर खर्च होतात. म्हणजे लिलाव आमच्याकडेही होतो, फक्त टीव्हीवर दिसत नाही.

उत्तर शोधायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

आपण ज्याला हुतुतू म्हणायचो, त्याचे नियम महाराष्ट्रात १९२०च्या दशकात लिहिले जाऊ लागले. १९२३ मध्ये बडोद्याला हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धेत ते नियम वापरले गेले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. म्हणजे या खेळाचा परदेशी पहिला मोठा प्रयोग आपल्या विदर्भातल्या पोरांनी केला, हे लक्षात असू द्या. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक मिळू लागलं.

पण आजच्या विषयाला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जुन्या काळात या खेळाचे तीन प्रकार होते. 'अमर'मध्ये खेळाडू बाद झाला तरी मैदानातच राहायचा, फक्त समोरच्याला गुण मिळायचा. 'गामिनी'मध्ये बाद झालेला बाहेर बसायचा आणि एका बाजूचे सगळे बाद होईपर्यंत परत यायचा नाही. तिसरा प्रकार 'संजीवनी'. यात आपल्या संघाने समोरचा एक गडी बाद केला की आपला बाद झालेला एक गडी परत जिवंत होतो.

आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. आणि इथेच सगळी गोम आहे. रेडर पकडला गेला की तो स्वतःला जिवंत करू शकत नाही. तो बाकावर बसतो आणि त्याचं परत येणं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतं. बोनस गुण मिळवूनही उपयोग नाही, कारण बोनसने गुण वाढतो, गडी जिवंत होत नाही.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे सवयीने हिशोब मांडतो. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. म्हणजे जास्तीत जास्त साधारण ८० चढाया, एका संघाच्या वाट्याला ४०. आता समजा तुमचा हुकमी रेडर पकडला गेला. लगेच समोरच्याची चढाई येते. तुमच्या बचावाने त्याला पकडलं, तर तुमचा रेडर उठून लगेच पुढच्या चढाईला जाऊ शकतो. नाही पकडलं, तर तुमच्या दुसऱ्या नंबरच्या रेडरला कुणाला तरी शिवून यावं लागतं. तोही अडकला तर? मग तुमचे दोन कोटी बाकावर बसून टाळ्या वाजवतात.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या पंचांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं: "रेडर त आनला गा, पन थो मेल्यावर त्याले जित्ता कोन करते?"

आता या प्रश्नाच्या उजेडात प्रो कबड्डीचा इतिहास पाहू.

२०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते, त्यातले दोन महाराष्ट्राचे: यू मुंबा आणि पुणेरी पलटण. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला राकेश कुमार. पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. तेव्हा तो आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोटं घातली होती. याआधी चांगल्या कबड्डीपटूची खरी किंमत म्हणजे नोकरी: रेल्वे, पोलीस, पेट्रोलियम कंपनी, बँक. पोरगा चांगला खेळतो म्हणजे पोरगा कुठेतरी चिकटेल, एवढाच हिशोब असायचा.

मग आकडे पळत सुटले. २०१७ मध्ये नितीन तोमर ९३ लाख. २०१८ च्या लिलावात तर सहा जण एक कोटी किंवा त्याच्या पुढे गेले. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरियाणा स्टीलर्सकडे, मुंबईचा आपला रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांना यूपी योद्धाकडे, नितीन तोमर १ कोटी १५ लाखांना पुणेरी पलटणकडे. सहामधला निव्वळ बचावपटू एकच, इराणचा फझल अत्राचली. त्याला यू मुंबाने बरोबर एक कोटीला घेतलं. बाकी पाचांची ओळख चढाईची. बाजाराने आपलं मत स्पष्ट सांगितलं होतं: पैसा शिवून येणाऱ्याला, पकडून ठेवणाऱ्याला नाही.

त्याच लिलावात यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना एक नवखा पोरगा घेतला. सिद्धार्थ देसाई, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण काढले. यू मुंबा प्लेऑफमध्ये गेला, दीड कोटींचा मोनू गोयत असलेला हरियाणा गेला नाही, आणि तोमरला घेतलेला पुणेही गेला नाही.

एप्रिल २०१९ मध्ये सिद्धार्थ पुन्हा लिलावात आला आणि तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. मुंबईच्या चाहत्यांना वाटलं, आता आपलं कसं होणार? झालं असं: फझल, सुरिंदर सिंग, संदीप नरवाल यांचा बचाव आणि अभिषेक सिंगसारखे स्वस्तातले रेडर घेऊन यू मुंबाने गुणतक्त्यात चौथं स्थान मिळवलं आणि उपांत्य फेरी गाठली. सिद्धार्थ तेलुगूकडूनही झकास खेळला, पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले. आणि तेलुगू टायटन्स? बारा संघांत अकरावे.

नीट बघा हं. माणूस तोच, गुण जवळपास तेवढेच. म्हणजे टायटन्सने जे विकत घेतलं ते त्यांना मिळालं होतं. फक्त त्याने सामने जिंकता येतील हा समज खोटा होता.

पुढे हाच धडा आणखी महाग होत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. सगळे म्हणाले, थलैवाज संपले. पण नरेंदर नावाच्या नवख्या रेडरने २४३ गुण काढले, बचावाने साथ दिली आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. तेव्हा अख्ख्या संघासाठी मर्यादा ५ कोटींची होती. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. २२ सामन्यांत दोन विजय, आणि तक्त्यात शेवटचा नंबर. पवन वाईट खेळाडू आहे का? मुळीच नाही. या खेळातला तो पहिल्या रांगेतला रेडर आहे. पण उरलेल्या पैशांत त्याला जिवंत करणारे किती आणि कसे घेणार?

त्याच हंगामात पुणेरी पलटणने काय केलं ते बघू. सुरुवातीच्या दोन हंगामांत तळाला असलेला हा संघ. त्यांनीही मोठी रक्कम मोजली, २ कोटी ३५ लाख. पण ती कुणावर? मोहम्मदरझा शादलूई, इराणचा, ज्याचं मुख्य काम पकड. चढाईसाठी त्यांनी तयार नाव विकत घेतलं नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कप्तान, सोबत पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे. आपल्याकडे वाढलेली, एकमेकांना ओळखणारी पोरं. २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त दोन हरले आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ ने हरवून पुणे पहिल्यांदा चॅम्पियन झालं. अंतिम सामन्याचा तो स्कोअर पुन्हा वाचा. अठ्ठावीस-पंचवीस. तो बचावाचा स्कोअर आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग रेडर घेऊच नये का? तसं नाही, आणि याचंही उदाहरण मुंबईचंच आहे. अर्जुन देशवाल हा पोरगा २०१९ मध्ये यू मुंबाकडे होता. २०२१ च्या लिलावात जयपूर पिंक पँथर्सने त्याला ९६ लाखांना नेलं. २०२२ च्या हंगामात त्याने चढाईचे २९६ गुण काढले आणि जयपूर विजेते झाले. त्याला सोडल्यानंतरचे सलग तीन हंगाम यू मुंबाला प्लेऑफ दिसलं नाही. पण जयपूरकडे त्याच वर्षी अंकुश होता, हंगामातला सर्वोत्तम बचावपटू, सोबत सुनील कुमार आणि साहुल कुमार. देशवाल बाद झाला तर त्याला उठवणारे हात तिथे आधीपासून होते. पैसा योग्य जागी पडला, कारण जागा तयार होती.

हे फक्त कबड्डीचं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाची जागा असते. चेंडू काखेत धरून समोरच्या भिंतीत घुसणारा माणूस, म्हणजे आपला रेडरच समजा. १२ ऑक्टोबर १९८९ ला मिनेसोटा वायकिंग्जला वाटलं, आपल्या संघात फक्त एका रनिंग बॅकची कमी आहे. त्यांनी डॅलस काउबॉइजकडून हर्शेल वॉकर घेतला आणि बदल्यात खेळाडूंसह पुढच्या वर्षांतले नवे खेळाडू निवडण्याचे बरेच हक्क देऊन टाकले. डॅलसने त्या वर्षी १६ पैकी एकच सामना जिंकला. लोक हसले. पण त्या हक्कांच्या जोरावर त्यांनी तरुण संघ बांधला, त्यात एमिट स्मिथ नावाचा नवा रनिंग बॅकही आला, आणि १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांची सुपर बोल त्यांनी जिंकली. मिनेसोटाला वॉकरच्या काळात एकदाही तिथवर पोहोचता आलं नाही. तिकडेही रनिंग बॅकला वाट करून देणारी माणसं वेगळी असतात. समोरच्याला ढकलून फट पाडणारी जाडजूड माणसं, ज्यांची नावं कुणाच्या टी-शर्टवर नसतात.

हा सगळा इतिहास मी गोंदियात बसून का सांगतोय? कारण लिलावाचे आकडे टीव्हीवरून थेट आमच्या मैदानात उतरलेत. २०१७ मध्ये बेंगळुरू बुल्सचे 'घरचे' सामने नागपुरात मानकापूरच्या संकुलात झाले, तेव्हा इकडची पोरं रेल्वेने बघायला गेली होती. त्यानंतर सरावाला आलेल्या दहा पोरांना विचारा, कोण व्हायचंय? नऊ म्हणतील, रेडर. डाव्या कोपऱ्यावर घोटा धरायला उभं राहायला कुणी तयार नाही. घोट्याची पकड शिकायला वर्षं लागतात, तोंड मातीत जातं, आणि रीलमध्ये ती दोन सेकंदसुद्धा टिकत नाही.

आणि विदर्भाचं म्हणाल तर राष्ट्रीय स्पर्धेत आपला संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. म्हणजे आपल्याला जागा आहे. पण लीगमध्ये आपली पोरं फार दिसत नाहीत. ज्या ठिकाणी सगळी गर्दी आहे तिथेच आपण पोरांना रांगेत उभं करतोय, हे मला खटकतं. चांगला कोपरा, चांगला कव्हर सगळ्यांना हवा असतो, आणि तो घडवायला लिलावाचे पैसे लागत नाहीत. एक माती, एक जुना खेळाडू आणि रोजची दोन तासांची चिकाटी लागते.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. पुढच्या लिलावात कुणावर दोन-तीन कोटींची बोली लागली की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी त्या संघाचे दोन कोपरे कोण आहेत ते बघा. मग दुसऱ्या नंबरचा रेडर कोण ते बघा. मग उरलेली रक्कम बघा. या तीन गोष्टी जमत असतील तर खुशाल घ्या. गावच्या मंडळालाही हेच लागू. यंदा मंडईच्या वर्गणीतून बाहेरचा रेडर आणायचा विचार असेल, तर त्यातले अर्धे पैसे गावातल्या पोरांना पकड शिकवणाऱ्या माणसाला देता येतील का, एवढं एकदा बैठकीत विचारा. कुणी विचारलं तर काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.