त्वचारंजन, सूर्यविरहित

उन्हात न बसता लेप, फेस किंवा फवाऱ्याच्या साहाय्याने त्वचेला तात्पुरता तपकिरी रंग देण्याची प्रक्रिया. ‘सेल्फ-टॅनिंग’ आणि ‘स्प्रे टॅन’ ही तिची प्रचलित नावे. हा रंग त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरावर (शृंगस्तरावर) चढतो. त्यासाठी जंबुपार (अतिनील) किरण लागत नाहीत. डायहायड्रॉक्सिॲसिटोन (डीएचए) हे यातले मुख्य रसायन होय.

पार्श्वभूमी : युरोपात पूर्वी रापलेले अंग ही उन्हात राबणाऱ्यांची खूण मानली जाई. 1920 च्या दशकात समुद्रकिनारी सुटी घालवणे ऐपतीचे लक्षण ठरले आणि तिथे तपकिरी कांतीची फॅशन आली. परंतु रापणे हे त्वचेला झालेल्या इजेचे लक्षण आहे. जंबुपार किरणांनी पेशींतील डीएनएला हानी पोचते आणि बचावासाठी रंजकपेशी अधिक मेलॅनिन तयार करतात. हेच किरण सोडणाऱ्या दिव्यांच्या पलंगावर (टॅनिंग बेड) झोपून रंग मिळवणे म्हणजे घरात बसून तीच इजा ओढवून घेणे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2009 मध्ये अशा उपकरणांचा समावेश मानवाला निश्चित कर्करोगकारक असलेल्या गट 1 मध्ये केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस याच गटात आहेत. सौंदर्यासाठी होणाऱ्या टॅनिंग उपकरणांच्या वापरावर ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली.

शोध : 1950 च्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विट्गेनस्टाइन ग्लायकोजेन-संचय विकार असलेल्या मुलांना डीएचए पोटातून देऊन त्याचा अभ्यास करीत होत्या. औषध अंगावर सांडले की काही तासांनी तिथली त्वचा तपकिरी होई. कपड्यांवर मात्र डाग पडत नसे. त्यांनी पाण्यातील द्रावण स्वतःच्या त्वचेवर लावून पाहिले, तेव्हाही तोच परिणाम दिसला. हे निरीक्षण 1960 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत डीएचएयुक्त प्रसाधने बाजारात आली.

रासायनिक क्रिया : डीएचए (C₃H₆O₃) ही तीन कार्बन अणूंची साधी शर्करा आहे. ती पांढऱ्या भुकटीच्या रूपात असते आणि ग्लिसरॉलवर ग्लुकोनोबॅक्टर जीवाणूंची क्रिया घडवून तयार करता येते. शृंगस्तरातील प्रथिनांच्या ॲमिनो अम्लांशी तिचा संयोग होऊन मेलॅनॉयडिन नावाची तपकिरी संयुगे बनतात. ही मेयार अभिक्रिया होय. भाजताना पावाचा पापुद्रा तांबूस होतो तो याच अभिक्रियेने. रंग दोन ते चार तासांत दिसू लागतो आणि पुढे एक ते तीन दिवस गडद होत जातो. मृत पेशी झडतात तसा तो साधारण आठवडाभरात उतरतो. एरिथ्रुलोज ही चार कार्बन अणूंची शर्करा अधिक सावकाश रंग देते, म्हणून काही उत्पादनांत ती डीएचएच्या जोडीने वापरतात.

एकसारखा रंग : शृंगस्तर जिथे जाड किंवा कोरडा असतो, तिथे रंग जास्त धरतो. त्यामुळे कोपर, गुडघे, घोटे आणि टाचा काळपट दिसतात. हे टाळण्यासाठी आदल्या दिवशी अंग हलके घासून मृत त्वचा काढावी आणि केस काढायचे असल्यास तेही तेव्हाच उरकावे. लावण्यापूर्वी त्वचा पूर्ण कोरडी असावी. केवळ कोपर-गुडघ्यांसारख्या जागी आधी साधे मॉइश्चरायझर चोळावे. लेप थोडाथोडा घेऊन गोलाकार हाताने पातळ पसरावा. लावून होताच तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा साबणाने धुवाव्यात. लेप पुरता सुकेपर्यंत कपडे चढवू नयेत. काही तास पाणी व घाम टाळावा. गडद छटा हवी असल्यास एकच जाड थर देण्याऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ थर द्यावा.

सुरक्षितता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला फक्त बाह्य वापराचे रंजकद्रव्य म्हणून मान्यता दिली आहे. डोळ्यांभोवतीचा भाग, ओठ आणि श्लेष्मल त्वचा यांना ही मान्यता लागू नाही. त्यामुळे फवारा घेताना डोळे, ओठ आणि नाक झाकणे व फवारा श्वासावाटे आत न घेणे आवश्यक आहे. युरोपीय संघाने स्वतः लावायच्या प्रसाधनांत डीएचएचे प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले आहे. क्वचित ॲलर्जी संभवते. म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

कॅन्थॅक्सँथिनच्या गोळ्यांनीही त्वचेला रंग येतो, पण त्याचे स्फटिक डोळ्याच्या दृष्टिपटलावर साचल्याची नोंद आहे. मेलॅनोटॅनची इंजेक्शने औषध-नियामकांच्या परवानगीविना विकली जातात. हे दोन्ही मार्ग वर्ज्य समजावेत.

इतर उपयोग : शरीरसौष्ठव स्पर्धांत मंचावरच्या प्रखर उजेडात स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून स्पर्धक अंगाला गडद रंग लावतात. याहून मोलाचा उपयोग कोड असलेल्यांना होतो. डीएचएच्या क्रियेला रंजकपेशींची गरज नसल्याने पांढऱ्या डागांवरही रंग चढतो आणि आंघोळीने लगेच जात नाही. तो इलाज नव्हे. परंतु लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला त्याने मोठा दिलासा मिळतो. योग्य तीव्रता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावी.

मर्यादा : हा रंग मेलॅनिनचे काम करीत नाही. त्याने मिळणारे ऊन-संरक्षण इतके अल्प असते की त्यावर विसंबता येत नाही. लावल्यानंतरच्या पहिल्या 24 तासांत तर कडक ऊन कटाक्षाने टाळावे. रंग चढलेल्या त्वचेलाही उन्हात जाताना सनस्क्रीन, टोपी आणि अंगभर कपडे लागतातच.