कान्चेलारा, फाबियान

(१८ मार्च १९८१ – ). स्वित्झर्लंडचा व्यावसायिक सायकलपटू. वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने धावून वेळ नोंदवण्याची शर्यत, आणि बेल्जियम व उत्तर फ्रान्समधील दगडी रस्त्यांवरच्या एकदिवसीय ‘क्लासिक’ शर्यती या दोन्ही प्रकारांत त्याने आपल्या पिढीवर वर्चस्व गाजवले. चाहत्यांमध्ये तो ‘स्पार्टाकस’ या टोपणनावाने ओळखला जातो.

त्याचा जन्म बर्नजवळच्या वोलेन येथे झाला. वडील इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये आलेले. १९९८ आणि १९९९ मध्ये त्याने कनिष्ठ गटाचे टाइम ट्रायलचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि २००१ मध्ये मापेई संघातून व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. २००३ पासून तो फास्सा बोर्तोलो संघात होता. तेथे अखेरच्या किलोमीटरांत वेग चढवून संघाचा स्प्रिंटर अलेस्सांद्रो पेताक्की याला अंतिम रेषेजवळ नेऊन सोडणे, हे त्याचे एक काम असे. २००४ च्या टूर द फ्रान्समध्ये लिएज येथील सलामीची छोटी टाइम ट्रायल त्याने लान्स आर्मस्ट्राँगला दोन सेकंदांनी मागे टाकून जिंकली आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी पहिल्यांदा घातली. २००६ मध्ये तो ब्यार्ने रीस यांच्या सीएससी संघात गेला.

टाइम ट्रायलमध्ये २००६, २००७, २००९ आणि २०१० अशी चार जागतिक विजेतेपदे मिळवणारा तो पहिला पुरुष सायकलपटू. बीजिंग ऑलिंपिकमध्ये (२००८) या प्रकारात त्याला सुवर्णपदक मिळाले. तेथील रोड रेसमध्ये तो तिसरा आला होता. दाविदे रेबेल्लिन उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यावर कांस्याचे रौप्य झाले.

सपाट पाठ, जराही न डुलणारे खांदे आणि जड गिअर बराच वेळ एकाच लयीत फिरवण्याची ताकद ही त्याच्या शैलीची ओळख. सुमारे ८० किलो वजनाच्या या खेळाडूला आल्प्स-पिरेनीजच्या लांब चढणी जड जात. त्यामुळे टूरच्या एकूण विजेतेपदाच्या स्पर्धेत तो कधी नव्हता. मात्र फ्लँडर्समधील आखूड, तीव्र चढ आणि हादरे देणारे दगड यांवर हेच वजन आणि बळ उपयोगी पडे. घोळक्यातून दहा मीटरही सुटला, तरी पुढची शर्यत त्याच्यासाठी टाइम ट्रायलच होऊन जाई.

२०१० ची टूर ऑफ फ्लँडर्स हे याचे उत्तम उदाहरण. गेरार्ड्सबेर्गेनच्या कापेलम्यूर या खड्या दगडी चढावर त्याच्यासोबत एकटा टॉम बोनेन उरला होता. कान्चेलाराने सीटवरून न उठता वेग वाढवला, बोनेन मागे पडला आणि अंतिम रेषेवर दोघांत सव्वा मिनिटाचे अंतर होते. आठवड्यानंतर पॅरिस–रूबे शर्यतीत सुमारे ५० किलोमीटर बाकी असतानाच तो एकटा निसटला आणि जिंकला. त्यानंतर सायकलमध्ये मोटर दडवल्याचा संशय घेणारी चित्रफीत पसरली. त्याने आरोप फेटाळला; तो कधीही सिद्ध झाला नाही.

त्याची ताकद सर्वांना ठाऊक झाल्यावर प्रतिस्पर्धी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहू लागले. २०११ मध्ये मिलान–सान रेमोत दुसरा, फ्लँडर्सला तिसरा आणि रूबेत पुन्हा दुसरा क्रमांक त्याच्या वाट्याला आला. पुढे त्याने लहान गटातील स्प्रिंटवरही भिस्त ठेवली. २०१३ मध्ये पाटरबेर्गच्या चढावर पेटर सागानला मागे टाकून त्याने फ्लँडर्स जिंकली. पण त्यानंतरची रूबे त्याने सेप व्हानमार्केला वेलोड्रोममधील स्प्रिंटमध्ये हरवून मिळवली. २०१४ ची फ्लँडर्स तर तीन बेल्जियन खेळाडूंविरुद्धच्या स्प्रिंटमध्ये जिंकली. अशा प्रकारे फ्लँडर्स (२०१०, २०१३, २०१४) व रूबे (२००६, २०१०, २०१३) प्रत्येकी तीनदा आणि मिलान–सान रेमो (२००८) एकदा त्याच्या नावावर आहे.

टूर द फ्रान्समध्ये त्याने आठ टप्पे जिंकले आणि २९ दिवस पिवळी जर्सी घातली. एकूण विजेतेपद न मिळवलेल्या खेळाडूंमध्ये जर्सीच्या दिवसांचा हा विक्रम आहे. आठांपैकी सात विजय टाइम ट्रायलमधले. अपवाद २००७ च्या कॉंपिएन्यचा : पिवळी जर्सी अंगावर असताना शेवटच्या किलोमीटरमध्ये त्याने अचानक मुसंडी मारली आणि स्प्रिंटर पोहोचण्याआधीच रेषा गाठली. २०१० च्या टूरमध्ये बेल्जियममधील स्पा गावाकडे जाताना ओल्या उतारावर अनेक जण पडले, तेव्हा घोळक्याचा वेग रोखण्यात त्यानेच पुढाकार घेतला. त्यामुळे मागे पडलेले त्याचे सहकारी अँडी व फ्रँक श्लेक घोळक्यात परतले. त्या दिवशी त्याची पिवळी जर्सी मात्र सिल्व्हाँ शाव्हानेलकडे गेली.

२०१२ च्या फ्लँडर्समध्ये त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. २०१५ मध्ये मणक्याला दोनदा दुखापत झाली. दुसऱ्यांदा पिवळ्या जर्सीत असताना. २०१६ हा अखेरचा हंगाम त्याने आधीच जाहीर केला. त्यात इटलीतील कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरची स्त्रादे बियांके तिसऱ्यांदा जिंकली आणि रिओ ऑलिंपिकमध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, चढउताराच्या मार्गावर टॉम ड्युमोलिनला ४७ सेकंदांनी मागे टाकून टाइम ट्रायलचे दुसरे सुवर्ण मिळवले. निवृत्तीनंतर त्याने ट्यूडर प्रो सायकलिंग या स्विस संघाची धुरा हाती घेतली.