न्हाणाचा सोहळा आणि शाळेतील मौन

मासिक धर्माविषयी मुलींशी उघड बोलू नये, हीच आपली जुनी रीत होय, असे पुष्कळ सुज्ञ माणसे मानतात. शाळेत हा विषय शिकवावा असे कोणी सुचविताच ही रीत पुढे केली जाते. परंतु इतिहास पाहू जाता आम्हांस निराळेच दिसते. विटाळाची कल्पना जुनी आहे, हे खरे. मौन मात्र तितके जुने नाही.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजोदर्शन बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते व पन्नाशीस थांबते, असे स्वच्छ सांगितले आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव आहे, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे महानुभाव वाङ्मयात नमूद आहे. चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी तर देहाच्या विटाळाचा प्रश्न आपल्या अभंगातून थेट विठ्ठलापुढेच मांडला. शास्त्र व भक्ती या दोहोंनाही हा विषय अनुच्चार्य वाटला नव्हता.

घरातही तो लपविला जात नसे. मुलीस पहिले न्हाण आले की तिला मखरात बसवीत, फुलांनी सजवीत, तिची ओटी भरीत. सुवासिनी न्हाणाची गाणी म्हणत. पुढे ऋतुशांतीचा विधी होई. या दिवसांत घरातील वडीलधाऱ्या बायका तिला चार गोष्टी सांगत. त्या शिकवणीत उणिवा होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. मुलगी अकरा-बारा वर्षांची, बहुधा आधीच विवाहित; तिला मिळणारे ज्ञान केवळ पत्नीपदापुरते. तरीही आपल्या देहात काय घडले, हे तिला कोणीतरी सांगत असे.

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था हलली. १८४८ साली जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८४ त हुजूरपागेची शाळा निघाली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली. पहिल्या ऋतूनंतर सोळा रात्रींच्या आत गर्भाधान झालेच पाहिजे काय, यावर त्या वेळी रणे माजली. लोकमान्य टिळकांनी कायद्यास विरोध केला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्राधारे त्याचे समर्थन केले. वृत्तपत्रांत व सभांत पुरुष मुलींच्या ऋतूविषयी मोकळेपणी वाद घालीत होते. ज्यांच्याविषयी हा वाद होता, त्या मुलींना मात्र कोणी काही विचारले नाही.

पुढे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०४ त बालविवाहाविरुद्ध कायदा केला आणि १९०६ त प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय किमान चौदा ठरविले. आता अविवाहित मुलीस घरी ऋतू प्राप्त होऊ लागला. स्मृतिवचनांप्रमाणे तो मातापित्यांचा दोष! म्हणून ज्या गोष्टीचा सोहळा होत असे, तीच लपविण्याची पाळी आली. मखर गेले, गाणी गेली, त्यांच्याबरोबर शिकवणही गेली. उरला तो फक्त विटाळ आणि ‘कावळा शिवला’ हा शब्दप्रयोग. सुधारणेने मुलीला शाळेत नेले, हे उत्तमच झाले. पण घराने टाकलेले हे काम शाळेने उचलले नाही.

उचलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीरविषयक प्रश्नांना मराठीत उघड उत्तरे दिली. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. २००५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आखला. २००७ त महाराष्ट्र, मध्य प्रदेश, कर्नाटक इत्यादी राज्यांत त्यास बंदी झाली. महाराष्ट्राच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात मासिक चक्राचा पाठ आला तो इयत्ता दहावीत. पाळी येते बहुधा बारा-तेराव्या वर्षी. पाऊस पडून गेल्यावर छत्री देण्यासारखेच हे झाले!

हा केवळ संकोचाचा प्रश्न नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरांपैकी ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. १५ ते २४ वयोगटात पाळीच्या दिवसांत स्वच्छ साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण मागील पाहणीतील शेकडा ५८ वरून ७७ वर आले, ही समाधानाची गोष्ट. तरी शेकडा तेवीस उरतातच. कापड वापरावयाचे तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. अंधाऱ्या कोपऱ्यात लपवून वाळविलेले कापड रोगास आमंत्रण देते. चार-सहा तासांनी ते बदलावे. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, त्यास भिऊ नये. परंतु स्राव आठवड्याहून अधिक टिकला, किंवा पंधरावे वर्ष सरले तरी पाळी आली नाही, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. एवढे सांगण्यास एक तास पुरतो.

देवळाचा आचार कोणी कसा पाळावा, या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण कामाख्येस दरवर्षी अंबुबाचीच्या काळात देवी रजस्वला मानून मंदिर तीन दिवस बंद ठेवतात आणि नंतर तिचे रक्तवस्त्र प्रसाद म्हणून भाविक मस्तकी धरतात, हे श्रद्धाळू वाचकांनी ध्यानी घ्यावे. देवीच्या ठायी जे पूज्य, ते कन्येच्या ठायी अनुच्चार्य कसे?

आपल्या अनेक देवस्थानांच्या व मंडळांच्या शाळा आहेत. तेथे पाचवी-सहावीतच मुलींना, त्यांच्या मातांसमवेत, एखाद्या स्त्री-डॉक्टरकडून हे ज्ञान मिळावे. दाराला कडी व नळाला पाणी असलेले शौचगृह असावे. जुने मखर परत आणण्याचे कारण नाही. पण त्या मखरात मुलीला जो एक आधाराचा शब्द मिळत असे, तो तिला देणे आपल्याकडून राहिले आहे.